डायलिसिसवरच्या माणसाला पोटभर कसं जेवू घालायचं

घरात फ्रीजवर किंवा कपाटाच्या दारावर आहाराचा कागद चिकटवलेला असेल, तर आधी त्यावरची तारीख बघा. डायलिसिस सुरू होण्याच्या आधीची तारीख असेल, तर तो कागद आजच काढा.

मी सांगली-मिरज भागात डायलिसिसच्या रुग्णांच्या आहाराचं काम करते. नवीन घरांना पहिली गोष्ट हीच सांगते, कारण सगळा घोळ त्या कागदापासून सुरू होतो. किडनी कमकुवत झाली होती पण मशीन लागलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलं होतं. ते तेव्हा बरोबर होतं. किडनीवरचा भार कमी व्हावा म्हणून प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण 0.6 ग्रॅमपर्यंत खाली आणतात. डायलिसिस सुरू झालं की हाच आकडा 1 ते 1.2 ग्रॅमवर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हे कुणीतरी सांगितलेलं असतं, पण फिस्टुलाचं (डायलिसिसच्या सुईसाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याचं) ऑपरेशन, योजनेचे कागद, गाडीची सोय या गडबडीत ते कानावरून जातं. मग घर जुन्याच धाकात जेवत राहतं आणि माणूस महिन्यागणिक वाळत जातो.

या वाळण्याला डॉक्टर ‘प्रोटीन-एनर्जी वेस्टिंग’ म्हणतात. 2008 मध्ये किडनी आणि आहार या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी हे नाव ठरवलं, कारण यात नुसती उपासमार नसते. शरीरातली सूज, रक्तातली आम्लता आणि खुद्द डायलिसिस, तिन्ही मिळून स्नायू खातात. मशीनवरच्या एका वेळेला रक्तातली साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लं पाण्याबरोबर निघून जातात. ती परत भरायची तर ताटातूनच भरावी लागतात.

पहिली पायरी: वजनकाट्यावर विसंबू नका

डायलिसिसनंतरचं ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, महिनोन्‌महिने 52 किलोच येतंय म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण दोन किलो मांस झडलं आणि त्याच्या जागी दोन किलो पाणी साठलं, तरी काटा 52 च दाखवतो. पुढे धाप लागते, पाय सुजतात, रक्तदाब वर राहतो. मग लक्षात येतं की ड्राय वेट आता 50 असायला हवं होतं.

म्हणून काट्याबरोबर अंगही बघायचं. कानशिलं खोल गेली आहेत का? गळ्याजवळची हाडं वर आली आहेत का? अंगठा आणि तर्जनी जुळवल्यावर हाताच्या पाठीवर जो मांसल उंचवटा येतो, तो सपाट झालाय का? उकिडवं बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? ब्लाउज दंडात सैल झालाय, पॅन्टला पट्ट्याचं नवीन भोक पाडावं लागलं, याही खुणाच आहेत. दर महिन्याला, डायलिसिस झाल्यानंतर, फिस्टुला नसलेल्या हाताचा दंड खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याच्या टेपने मोजा आणि वहीत लिहा. प्रयत्न न करता तीन महिन्यांत वजन 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के उतरलं, तर डॉक्टरांसमोर तो विषय त्याच आठवड्यात काढा.

रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, बघायचं. 3.8 च्या खाली ते जात असेल तर विचारायचं. पण अल्ब्युमिन फक्त जेवणावर ठरत नाही. जंतुसंसर्ग झाला, अंगात पाणी वाढलं, तरी ते घसरतं. त्यामुळे ‘अल्ब्युमिन कमी, दोन अंडी वाढवा’ एवढ्यावर थांबू नका.

आणि एक गोष्ट फार जीव तोडून सांगते. “ताई, क्रिएटिनिन नवावरून सहावर आलं, किडनी सुधारतेय!” असं म्हणत लोक आनंदाने रिपोर्ट दाखवतात. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. डायलिसिस तेवढंच चाललंय, लघवी वाढलेली नाही, माणूस बारीक होतोय, आणि तरी क्रिएटिनिन उतरतंय, तर बहुतेक वेळा स्नायूच उतरत असतात. युरियाही माणूस प्रथिनं खात नसला की कमी येतो. असा रिपोर्ट आला की पेढे वाटायच्या आधी दंड मोजा.

दुसरी पायरी: भूक का गेली ते शोधा

‘खातच नाहीत हो’ ही तक्रार घेऊन आलेल्या घरात मी आधी ताटाचं बोलत नाही, कारणाचं बोलते.

डायलिसिस अपुरं पडत असेल तर रक्तात साठलेली घाण भूक मारते. आठवड्याला तीन वेळा, चार-चार तास, हा सर्वसाधारण हिशोब. आपल्याकडे लांबून यायचं, रोजगार बुडायचा, म्हणून बरेच जण दोनदाच करतात किंवा तीन तासांनी सुई काढायला लावतात. तोंडाला धातूची चव, सकाळी मळमळ, मटणाचा वास नकोसा होणं ही त्याची खूण असू शकते. केटी बाय व्ही किंवा यूआरआर, म्हणजे डायलिसिसने रक्त किती साफ झालं ते दाखवणारा आकडा, किती येतो ते विचारा. आठवड्याला तीन वेळा करणाऱ्यांत यूआरआर 65 टक्क्यांच्या खाली राहायला नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे पैशासाठी एक वार गाळत असाल तर आधी युनिटमधल्या आरोग्यमित्राला गाठा.

मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल आणि मशीनवर थंडी वाजून ताप येत असेल, तर तो संसर्ग धरून चाला. तो बरा होईपर्यंत कितीही तूप घाला, अंगी लागणार नाही. हिमोग्लोबिन खाली असेल तर भूक आणि ताकद दोन्ही जातात. रक्तातलं बायकार्बोनेट 22 च्या खाली राहत असेल तर आम्लतेमुळे स्नायू झडतात. जुना मधुमेह असेल तर जठरच हळू चालतं, चार घासांत पोट गच्च होतं. अशा माणसाला तीन मोठी जेवणं देऊ नका, सहा छोटी द्या. दात हलतायत का, कवळी सैल झालीय का, हेही तोंड उघडायला लावून बघा. बद्धकोष्ठ असेल तर भूक तर जातेच, पोटॅशियमही वाढतं. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि मन. पन्नाशीतला कर्ता माणूस, ऊस लावणारा, ट्रॅक्टर चालवणारा, एकदम खुर्चीत बसलेला. घरचे सगळे रस्सा-भाकरी खातात आणि त्याच्यापुढे वेगळ्या वाटीत बिनमिठाचं फिकट काहीतरी ठेवतात. अशाने कुणाची भूक राहील? आठवड्यातले निदान काही वार सगळ्या घराने कमी मिठाचं खावं. रक्तदाबवाले घरात दुसरेही असतातच.

तिसरी पायरी: हिशोब मांडा

ड्राय वेट 50 किलो धरू. प्रथिनं 50 ते 60 ग्रॅम लागतील. ऊर्जा किलोमागे 25 ते 35 कॅलरी, म्हणजे मधला आकडा धरून रोज 1500 च्या आसपास. ऊर्जेचा आकडा विसरू नका. भात-भाकरी-तेल कमी पडलं की शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळतं. चुलीत सरपण नाही म्हणून घराचे वासे उपसून घालावेत, तसं होतं ते.

आता आपल्या ताटातले आकडे. एका अख्ख्या अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं, नुसत्या पांढऱ्या बलकात साडेतीन. पनीर 40 ग्रॅम, म्हणजे काडेपेटीएवढे दोन तुकडे, साधारण 7 ग्रॅम. शिजवलेलं चिकन 60 ग्रॅम घेतलं तर 15 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, म्हणजे 25 ग्रॅम कोरडी डाळ, 6 ग्रॅमच्या आतबाहेर. छोटी वाटी दही 3 ग्रॅम. ज्वारीची मध्यम भाकरी 4, चपाती 3, थोडा भात 2.

एक दिवस मांडून दाखवते. सकाळी एक अख्खं अंडं आणि दोन अंड्यांचे पांढरे: 13 ग्रॅम. प्लेटभर पोहे, शेंगदाणे नावापुरते: 3. दुपारी दोन भाकऱ्या, दुधीची भाजी, घट्ट वरण: 14. संध्याकाळी पनीर, तव्यावर जिरं-मिरपूड घालून परतलेलं: 7. रात्री दोन चपात्या, थोडा भात, दही, आणि चिकनचे तुकडे किंवा आणखी दोन पांढरे बलक. चिकन असेल त्या दिवशी 60 च्या थोडं वर, बलकाच्या दिवशी पंचावन्नच्या आसपास बेरीज होते.

माळकरी घरात अंडं चालणार नाही, आणि ते बदलायला मी कधी सांगत नाही. तिथे पनीर 75 ग्रॅम करायचं, दही आणि दूध मोजून, रोज वाटीभर डाळ, आणि 20 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. या वड्यांत निम्मी प्रथिनं असतात, म्हणजे 10 ग्रॅम तिथून निघाले. वड्या भिजवून, उकळून, पाणी पिळून टाकायच्या, पुन्हा एकदा तसंच करायचं, मग फोडणीला घालायच्या. शाकाहारी माणसाचा आकडा अशाने पन्नाशीच्या वर नक्की जातो. मेहनत जरा जास्त पडते, एवढंच.

पांढऱ्या बलकाविषयी थोडं जास्त बोलते, कारण आपल्या भागातल्या साध्या घराला परवडणारं याहून चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. प्रथिनं उत्तम दर्जाची, फॉस्फरस जवळजवळ नाहीच, पोटॅशियम कमी, आणि गावात कुठल्याही दुकानात मिळतं. कंटाळा येतो हे खरं. मग भुर्जी करा, कांदा-लसूण परतून त्यात फेटा, भाकरीच्या पिठाचं धिरडं घालताना त्यात मिसळा, भातावर परतून घाला. कच्चं मात्र देऊ नका.

ऊर्जा वाढवायची तर भाताला चमचाभर तूप, भाजीला नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल. चमचाभर तेलात 45 कॅलरी असतात, आणि त्यात पाणी, मीठ, पोटॅशियम काहीच नसतं. मधुमेह नसेल तर शिरा, साखर घातलेलं घट्ट दही चालेल. गुळाऐवजी साखर घ्या, कारण गुळात पोटॅशियम भरपूर. उसाच्या मुलखात हे ऐकायला जड जातं, मला कल्पना आहे.

चौथी पायरी: बंधनं पाळा, पण आपल्या रिपोर्टप्रमाणे

पोटॅशियम वाढलेल्या शेजाऱ्याचं पथ्य तुमच्या घरात लागू होत नाही. डायलिसिसच्या आधी घेतलेल्या रक्तात पोटॅशियम साडेचारच्या आसपास असेल, तर फळं-भाज्या सगळ्याच बंद करण्याचं कारण नाही. 5.5 च्या वर जात असेल तर मात्र कडक व्हायचं.

भाजी बारीक चिरून, सोलून, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. बटाटा, पालेभाजी, मटकी, तूरडाळ सगळ्यांना हीच रीत. कुकरमध्ये थेट शिजवलं तर पोटॅशियम आतच राहतं. दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, तोंडली, कोबी या भाज्या आठवड्यात फिरत्या ठेवा. फळांत सफरचंद, पेर (नासपती), अननसाची फोड. द्राक्षं दहा-बारा मणी चालतील, पण तासगावचा बेदाणा नको. द्राक्षातलं पाणी गेलं की पोटॅशियम तेवढंच उरतं आणि मूठभर बेदाणा सहज खाल्ला जातो. शहाळं, केळी, चिकू, गव्हांकुराचा रस, पाहुण्यांनी आणलेला काढा, यांना हात जोडून नाही म्हणा. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, एक फोडही नको. किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूवर त्याचा विषासारखा परिणाम होतो.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, भडंग सगळं आलं. वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणता, तेव्हा किलोभर बिनमिठाची वेगळी कुटून घ्या. लिंबू, आलं, लसूण, कढीपत्ता यांनी तोंडाला चव येते. मुरमुऱ्यात मुळात पोटॅशियम कमी, तेव्हा घरी लसूण-हळदीची फोडणी देऊन, बिनमिठाचे, थोडेसे परतले तर भडंगाची आठवण भागते. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ मात्र घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधवानेही मिठाचं प्रमाण कमी होत नाही.

पाणी: चोवीस तासांत होणारी लघवी अधिक साधारण अर्धा लिटर, हा बऱ्याच जणांचा हिशोब. तुमचा आकडा डॉक्टरांकडून घ्या. इथे माझा आग्रह असा की त्या मर्यादेत पातळ पदार्थांनी पोट भरू नका. पातळ आमटी, ताक, पेज यांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि प्रथिनं जात नाहीत. वरण घट्ट, दही घट्ट, रस्सा अंगाबरोबर.

फॉस्फरस 5.5 च्या वर असेल तर डाळ-अंडी तोडू नका. आधी कोला, पाकिटातलं चीज, बेकरीचे पदार्थ, प्रक्रिया केलेलं मांस बंद करा. त्यात वरून घातलेला फॉस्फरस जवळजवळ पूर्ण शोषला जातो. डाळी आणि ज्वारीतला बराचसा तसाच बाहेर पडतो, म्हणून भाकरीला मी सहसा मोडता घालत नाही. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची. जेवणाआधी तासभर किंवा झोपताना घेतली तर तिचा उपयोग होत नाही.

पाचवी पायरी: डायलिसिसचा वार सांभाळा

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बाजूचा माणूस पहाटे निघतो, चहा-बिस्किटावर मिरजेला पोचतो, नंबर लागेपर्यंत ताटकळतो, चार तास मशीनवर, मग परतीची गाडी. संध्याकाळी घरी येतो तो गळून झोपतो. आठवड्यातले तीन दिवस असे अर्ध्या जेवणावर गेले की बाकीच्या चार दिवसांत ते भरून निघत नाही.

म्हणून या दिवसाचा डबा आदल्या रात्रीच ठरवा. निघताना अंडा-पोळी किंवा पनीर-पोळी. मशीनवर बसण्याच्या तास-दीड तास आधी काहीतरी पोटात असू दे. मशीनवर रक्तदाब पडत नसेल आणि युनिटची परवानगी असेल तर पहिल्या तासात बसून थोडं खा, दोन उकडलेल्या अंड्यांचे पांढरे पुरेत. ज्यांचा रक्तदाब घसरतो त्यांनी मशीनवर खाऊ नये, कारण जेवणाने रक्त पोटाकडे वळतं. मशीन सुटलं की गाडीत बसण्याआधी खायचं. मधुमेही माणसाने इन्सुलिनची वेळ आणि मात्रा या दिवसासाठी वेगळी विचारून घ्यावी, नाहीतर वाटेत साखर उतरते.

घरी पोटातून डायलिसिस करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांची रोज 5 ते 15 ग्रॅम प्रथिनं पाण्यावाटे जातात, आणि द्रावणातल्या साखरेने भूक मरते. पिशवीतलं पाणी पोटात भरण्याआधी जेवून घेतलं तर दोन घास जास्त जातात.

उपवासाचं काय?

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेला मी हात लावत नाही, पण उपवासाच्या ताटाकडे एकदा नीट बघा: साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा, रताळं, वर केळी आणि शहाळं. प्रथिनं नगण्य आणि पोटॅशियमचा डोंगर. त्यात एखादा डायलिसिसचा वार लांबला तर जीवावर बेतू शकतं. वारकरी आणि कीर्तनकार मंडळीही आजारी माणसाला उपवासाची सूट असल्याचं सांगतात, ते आजी-आजोबांना त्यांच्याच तोंडून ऐकवा. अगदीच मोडवत नसेल तर पनीर, घट्ट दही, वरीचा भात, सफरचंद एवढ्यावर दिवस काढा. श्रावणात अंडं-मटण बंद होतं, तेव्हा वर सांगितलेलं माळकरी ताट महिनाभर चालवायचं.

शेवटची पायरी: पावडर आणि त्यापुढचं

आठ-पंधरा दिवस नीट प्रयत्न करूनही आकडा गाठत नसेल तर पावडरीचा विचार करा, आणि दुकानात डबा नीट वाचून घ्या. किडनीच्या पावडरी दोन तऱ्हेच्या असतात. डायलिसिसआधीच्या रुग्णांची कमी प्रथिनांची, आणि डायलिसिसवरच्या रुग्णांची जास्त प्रथिनांची. चुकून पहिली घेतली तर पैसे गेलेच, माणूसही उपाशी राहिला. व्यायामशाळेतली पावडर आपल्या मनाने नको. सुरू केलेली पावडर निदान तीन महिने चालू द्या आणि जेवणाच्या जागी नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये द्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर नाकातून नळीने अन्न किंवा डायलिसिस चालू असताना शिरेतून पोषण देता येतं. हे ऐकून घाबरू नका, आणि खूप उशीर होईपर्यंत टाळूही नका.

बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एका दिवसात पूर्ण ताट वाढू नका. रक्तातले क्षार एकदम खाली जाऊन हृदयावर ताण येतो. अशा माणसाचं जेवण डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्त तपासत, चार-पाच दिवसांत वाढवत न्यायचं.

सलग दोन दिवस अन्न पोटात ठरलं नाही, उलट्या थांबत नाहीत, मशीनवर थंडी-ताप आला, पाय एकदम लुळे वाटतायत किंवा छातीत धडधड अनियमित होतेय, तर पुढच्या वाराची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा की रुग्ण डायलिसिसवर आहे. आधीचे रिपोर्ट, ड्राय वेट आणि दंडाची मापं लिहिलेली वही बरोबर घ्या.